छपरावरची दिशा

इंदूरमध्ये २२ मे १९५५ रोजी आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा रेडिओला एरिअल जोडणे हे काही अवघड काम नव्हते. छपरावर दोन बांबू उभे करून त्यांच्यामध्ये तार ताणली की मध्यम लहरींवरील गाणे घरात येई. त्या लहरी जमिनीलगत दूरवर प्रवास करतात. दूरदर्शनची लहर मात्र आखूड असून बहुतांशी सरळ रेषेत जाते. टेकडी, उंच इमारत किंवा पृथ्वीची वक्रता तिला अडवते. म्हणून प्रक्षेपक कोठे आहे व किती दूर आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच अँटेनाची निवड अवलंबून असते.

इंदूरकरांना या प्रश्नांचे उत्तर दीर्घकाळ निराश करणारेच होते. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन आले. पण मुंबई पडली सुमारे पाचशे किलोमीटर दूर; घरावर कितीही उंच खांब रोवला, तरी ते चित्र हाती लागणे शक्य नव्हते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या प्रयोगामुळे तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूरकडच्या खेड्यांत जाळीच्या छत्र्या उभ्या राहिल्या. शहराच्या आधी खेड्याने चित्र पाहिले! पुढे १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले आणि गावोगावच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे पिंजरे दिसू लागले.

या पिंजऱ्याची मूळ कल्पना उदा व यागी या जपानी संशोधकांची, १९२६ ची. तार जोडलेली काडी लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची असते. तिच्यामागे किंचित लांब परावर्तक आणि पुढे किंचित आखूड मार्गदर्शक काड्या असतात. प्रक्षेपक जवळ असेल तर थोड्या काड्या पुरतात. दूर असेल तर त्या वाढवाव्या लागतात. एकजण गच्चीवर खांब फिरवी, दुसरा जिन्यातून ओरडे, ‘अजून थोडं! बस्स!’ चित्रामागे सावली दिसली, तर भिंतीवरून परतलेली लहर आत शिरली आहे हे ओळखून पुन्हा दिशा बदलावी लागे. शास्त्र असे घराघरांत हाताने शिकले गेले.

पुढे केबल आली, छत्र्या आल्या आणि ही विद्या लोपू लागली. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने प्रक्षेपक बंद झाले. तत्पूर्वी, २५ फेब्रुवारी २०१६ रोजी, सोळा शहरांत अंकीय प्रक्षेपणाची योजना सुरू झाली होती. त्यांत इंदूर होते. या प्रक्षेपणाची लहर आणखी आखूड असल्यामुळे माळ्यावर पडलेल्या जुन्या पिंजऱ्याच्या लांब काड्या तिला जुळत नाहीत. जेमतेम वीतभर किंवा त्याहून थोड्या मोठ्या काड्यांचा अँटेना लागतो. शिवाय येथे चित्र हळूहळू अंधुक होत नाही. एक तर स्वच्छ दिसते, नाही तर तुटून नाहीसे होते.

मनोऱ्यावरून येणारी लहर मासिक वर्गणी मागत नाही. संपन्न वाडा आणि भाड्याची खोली दोन्हींवर ती सारखीच उतरते. योग्य काडी योग्य दिशेला उभी करण्याचेच श्रम तिला हवे असतात. छपरावरून तो खांब उतरला, तेव्हा एक जुने साधन तर गेलेच, पण कोणाचेही देणे न लागता जगाची वार्ता स्वतःच्या हातांनी घरात आणण्याची मुभाही त्याबरोबर उणावली.