अडतीस किलोहर्ट्झची वंशावळ

मराठवाड्यातील यंत्रांचा इतिहास म्हटला की आपण निझामाची रेल्वे आणि नांदेडची उस्मानशाही मिल यांपाशी थांबतो. घरातल्या रिमोटलाही वंशावळ आहे, आणि तिचे मूळ माझ्या मते रेडिओत सापडते.

रिमोटमधला अवरक्त दिवा बहुधा सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकतो. उन्हातही अवरक्त किरण असतात. त्यांतून आपला संकेत वेगळा ओळखू यावा म्हणून ही लय. तिला वाहक लहर म्हणतात. पण आकडा 38च का?

नांदेड-लातूरकडे मध्यम लहरींवर 1305 किलोहर्ट्झला आकाशवाणीचे परभणी केंद्र लागे. रेडिओ आतल्या आत 1760ची लहर तयार करी. दोहोंतला फरक 455. केंद्र कोणतेही असो, पुढचे काम या 455वरच चाले. त्यामुळे 455चे सिरॅमिक रेझोनेटर स्वस्त आणि मुबलक झाले. जपानच्या एनईसी कंपनीच्या रिमोट-चिपांना तेच जोडले जात. 455ला बाराने भागले की 37.9 येतात. रिमोट हातातून पडला की अनेकदा हाच भाग तडके, आणि दुरुस्तीवाले तो बदलून देत.

आता या भागाची जागा प्रोग्रामने घेतली आहे. लिनक्समधले काही ड्रायव्हर साध्या पिनेवर ही लय नुसते थांबून निर्माण करतात. एक आवर्तन 26.3 मायक्रोसेकंदांचे: थोडा वेळ दिवा चालू, उरलेला वेळ बंद, आणि मधल्या काळात प्रोसेसर रिकाम्या फेऱ्या मारत राहतो. एनईसीच्या संकेताची सुरुवातीची 9 मिलिसेकंदांची खूण म्हणजे अशी सुमारे 340 आवर्तने. दर वेळचा किंचित उशीर साचत जाऊ नये म्हणून घड्याळाशी ताळा घेत राहावे लागते. मध्येच दुसरे काम आले तर लय मोडेल, म्हणून इंटरप्ट बंद ठेवतात. पूर्ण निरोपाला सुमारे 68 मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ प्रोसेसरचा तो गाभा बाकीच्या जगाला बहिरा असतो. एका स्वस्त भागाची बचत अशी प्रोसेसरच्या वेळातून फेडली जाते.

भाग गेला, आकडा राहिला. तो भाग हाताने बदलणाऱ्या कारागिरांच्या आठवणी आपल्या जिल्ह्यांतून आताच नोंदवून घ्यायला हव्यात. नाहीतर पुढच्या अभ्यासकाला ड्रायव्हरमध्ये 38000 हा आकडा दिसेल, त्यामागचा रेडिओ मात्र दिसणार नाही.