विलायतेला गेलेल्या आया
मैत्रिणींनो, 'आया' हा शब्द आपल्या ओळखीचा. इंग्रजांच्या राजवटीत साहेबाचं कुटुंब बोटीनं विलायतेला निघालं, की मुलं सांभाळायला आया सोबत जायची. प्रवाशांच्या यादीत पुष्कळदा तिचं नावही नसे. 'अमक्या मडमेची आया' एवढंच. लंडनला उतरल्यावर काहींना परतीच्या तिकिटाविना वाऱ्यावर सोडलं जाई. अशा बायांसाठी तिथल्या हॅकनी भागात १९०० पासून 'आयांचं घर' होतं. ते चालवणारे मिशनरी भारतात निघालेलं एखादं कुटुंब शोधून तिला त्यांच्यासोबत परत धाडत. २०२२ मध्ये त्या घरावर स्मृतिफलक लागला.

आजही बाया आखातात घरकामाला जातात. आपल्या गटातली कुणी निघाली, तर लेखी करार आहे का, पगार किती, परतीचं तिकीट कोण देणार, हे आधी विचारून घ्या.