पुठ्ठ्याची खिडकी

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी एकाच ताडपत्रीवर दोन वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या दिसल्या. एक लाकडी दांड्याची जुनी चौकट होती. डोळ्यांशी दोन भिंगे आणि पुढे चित्र ठेवायची सरकती पट्टी. दुसरी वस्तू म्हणजे फोन आत सरकवून डोळ्यांना बांधायचा काळा प्लॅस्टिकचा खोका. दुकानदार त्याला सरसकट ‘व्हीआर बॉक्स’ म्हणतात. लाकडी चौकटीची किंमत विक्रेत्याने अडीच हजार सांगितली. खोक्याचे शंभर, आणि मी तोंड उघडण्याआधीच ‘ऐंशीला घेऊन जा’. चौकट शंभर वर्षांची असावी, खोका फार तर आठ-नऊ वर्षांचा. जुन्या बाजारात जुन्यालाच भाव येतो हे खरे. पण कारण तेवढेच नव्हते. चौकटीबरोबर सात-आठ जाड पुठ्ठ्याची चित्रे होती. त्यातले एक पट्टीत अडकवून मी डोळे लावले, तर कुठल्याशा गोदीतले दोरखंडाचे वेटोळे अगदी नाकाशी आले आणि जहाजे मागे दूर गेली. खोक्यात बघायला त्या घटकेला काहीही नव्हते.

चौकट मी घेतली. तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. हा लेख मुख्यतः त्या काळ्या खोक्याविषयी आहे. २०१५-१६ च्या सुमारास ‘फोनसाठी चांगला व्हीआर हेडसेट कोणता, आणि त्यावर बघण्यासारखी अ‍ॅप्स कोणती?’ हा प्रश्न घराघरांतली मुले विचारत होती. पाच वर्षांत प्रश्न विचारणारेही उरले नाहीत. एवढ्या झपाट्याने उगवून मावळलेले साधन अलीकडच्या काळात विरळाच. हे का घडले ते समजण्यासाठी आधी त्या लाकडी चौकटीकडे जावे लागते.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे दोघांना दिसणारे दृश्य किंचित वेगळे असते आणि मेंदू त्या फरकातून खोलीचा अंदाज बांधतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे प्रयोगाने दाखवले. दोन आरसे काटकोनात ठेवायचे, दोन बाजूंना दोन रेखाचित्रे, आणि नाक मधोमध. सपाट रेषांचा घन उभा राहतो. गंमत अशी, की फोटोग्राफी जगापुढे आली ती त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे बघण्याचे यंत्र आधी तयार झाले, बघायचे चित्र मागून आले. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे वापरून आटोपशीर पेटी केली, पॅरिसच्या ज्यूल द्युबॉस्कने ती घडवली, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला ती आवडली. पुढचे सांगायला नको. राणीला आवडले ते घरोघरी गेले. (व्हीटस्टन आणि ब्रूस्टर यांची ‘पहिला कोण’ यावरून चाललेली भांडणे वाचनीय आहेत, पण इथे त्यांना जागा नाही.)

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस तिसराच. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे बॉस्टनचे डॉक्टर आणि निबंधकार. १८५९ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त त्यांनी स्टिरिओस्कोपवर दीर्घ निबंध लिहिला. पुस्तकांची जशी ग्रंथालये असतात तशी या चित्रांचीही संग्रहालये होतील, अशी कल्पना त्यात त्यांनी मांडली. यंत्रापेक्षा संग्रह मोठा, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. दोन वर्षांनी त्यांनी हातात धरायची हलकी, स्वस्त चौकट तयार केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. कुणीही करावी, विकावी. जुन्या बाजारातली माझी चौकट याच घराण्यातली.

मग चित्रांचा व्यापार सुरू झाला. अमेरिकेतल्या अंडरवुड बंधूंच्या कंपनीने देशोदेशींचे संच काढले. पुस्तकासारख्या दिसणाऱ्या पेटीत चित्रे, सोबत खरेखुरे पुस्तक, आणि पुस्तकात नकाशे. नकाशावर प्रत्येक चित्राची जागा आणि तिथून निघणाऱ्या दोन रेषा. म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात, कोणत्या दिशेला पाहता आहात आणि नजर कुठवर पोचते हे घरबसल्या कळे. आज ‘व्हर्च्युअल टूर’ म्हणतात ती दुसरे काय आहे? जेम्स रिकाल्टन या शाळामास्तराने हिंदुस्थान पालथा घालून अशी चित्रे टिपली आणि त्यांवरचे पुस्तक १९०७ मध्ये निघाले. परक्याच्या नजरेने, साहेबाच्या राज्यात काढलेली ती चित्रे आहेत. त्या नजरेचे दोष त्यांत पुरेपूर आहेत. पण चित्रे आजही दिसतात. शतक उलटले, कंपनी गेली, साम्राज्य गेले, चौकट कुणाचीही असो, पुठ्ठा अडकवला की दृश्य उभे राहते. ही साधी गोष्ट वाचकाने मनात ठेवावी.

१९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्याच्या सुमारास व्ह्यू-मास्टर आला. एका गोल चकतीवर चौदा चिमुकली पारदर्शक चित्रे, म्हणजे सात जोड्या. माझ्या पिढीच्या अनेक घरांत तो होता. खटका दाबला की पुढचे दृश्य, आणि भावंडांत ‘आता माझी पाळी’ची मारामारी. संगणकाची वाट मात्र वेगळी. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा पडदा केला. तो इतका अवजड होता की छताला टांगावा लागे. मान वळवली की संगणकाने रेखलेले दृश्यही वळे. स्टिरिओस्कोपला नवीन मिळाले ते एवढेच, पण ते फार मोठे होते: चित्राला तुमची मान कळू लागली. पुढची चाळीसेक वर्षे ही चैन प्रयोगशाळा, लष्कर आणि मोठ्या कंपन्यांपुरती राहिली.

ती स्वस्त झाली ती आपल्या खिशातल्या फोनमुळे. पडदा आडवा की उभा हे ओळखण्यासाठी आणि खेळांसाठी फोनमध्ये हालचाल मोजणारे बारके संवेदक बसले, पडदे दाट झाले, चित्र रंगवणारी चिप वेगवान झाली. हे तिन्ही एकत्र आले की उरतात फक्त दोन भिंगे आणि एक खोका. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्क बोलास यांच्या चमूने २०१२ मध्ये घडी घालून करायचा असा फोन-दर्शक दाखवला. त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या पामर लकी या तरुणाने त्या वर्षी ऑक्युलससाठी लोकवर्गणी मागितली. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरना विकत घ्यायचे ठरवले. आणि त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने आपल्या वार्षिक परिषदेत श्रोत्यांच्या हातात पुठ्ठ्याचे एक पाकीट ठेवले.

डेव्हिड कॉझ आणि दामिएन आंरी या पॅरिसमधल्या दोन गूगल-अभियंत्यांनी फावल्या वेळात केलेले हे ‘कार्डबोर्ड’. पुठ्ठा, दोन भिंगे, रबर, थोडे वेल्क्रो आणि एक लोहचुंबक. चुंबकाची करामत मला आजही आवडते. खोक्यात बंद फोनच्या पडद्याला बोट लावता येत नाही. म्हणून बाजूचा चुंबक खाली ओढायचा, फोनमधल्या होकायंत्राला चुंबकीय क्षेत्र बदललेले कळते, आणि तोच ‘क्लिक’. डोक्याला बांधायचा पट्टाही मुद्दाम दिला नव्हता. खोका हाताने धरावा लागला की माणूस मान गर्रकन फिरवत नाही आणि गरगरत नाही. होम्सप्रमाणे गूगलनेही आराखडा सर्वांना खुला ठेवला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दहा लाखांहून अधिक वर्गणीदारांच्या घरी अंकाबरोबर कार्डबोर्ड पाठवला आणि युद्धाने घर सुटलेल्या तीन मुलांवरचा माहितीपट त्यात दाखवला. त्याच वर्षी सॅमसंगचा गिअर व्हीआर ९९ डॉलरना आला, आणि व्ह्यू-मास्टरचाही कार्डबोर्डवर चालणारा नवा अवतार निघाला. वर्तुळ पूर्ण झाले असे तेव्हा अनेकांना वाटले. मलाही.

आपल्याकडे हे लोण पोचायला वेळ लागला नाही. फोनबरोबर हेडसेट देण्याची टूम निघाली, पाठोपाठ बाजारात काळ्या खोक्यांचा पूर आला. इथेच ‘चांगला कोणता’ या प्रश्नाने लोकांना चकवले. लोक खोका पारखत राहिले. फोन पारखायचे कुणी सांगितले नाही. मान वळल्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप त्या काळी अनेक स्वस्त फोनांत नसे. तो नसेल तर पाच हजारांचा खोकाही कुचकामी. दृश्य एक तर हलत नाही, नाही तर नशा चढल्यासारखे डुलते. दुसरी मेख खोक्यावरच्या क्यूआर कोडची. त्या चौकोनात भिंगांची मापे असतात. प्रत्येक भिंग कडेला रेषा वाकवते, म्हणून अ‍ॅप चित्र आधीच उलट वाकवून ठेवते. कोड चुकीचा किंवा स्कॅनच केला नाही, तर दरवाजाची चौकट धनुष्यासारखी दिसते आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकते. तिसरी गोष्ट भिंगांमधले अंतर: मोठ्यांच्या डोळ्यांसाठी बसवलेले अंतर मुलांना जुळत नाही. या तीन गोष्टी पाहून जो घेई त्याला दोनशे रुपयांच्या पुठ्ठ्यातही समाधान मिळे. बाकीच्यांनी ‘व्हीआरने चक्कर येते’ असे म्हणून खोका माळ्यावर टाकला.

एक दोष मात्र कोणत्याही पारखीने जाणारा नव्हता. मान वळली, वाकली, कलली हे फोनला कळे. पण तुम्ही एक पाऊल पुढे आलात हे कळत नसे. तुम्ही झुकून फूल बघायला जाता आणि फूल तितकेच मागे सरकते. डोळे एक सांगतात, कानातला तोल दुसरेच. मळमळ तिथून येते. शिवाय फोन तापे आणि बॅटरी उतरे. जॉन कारमॅक यांनी २०१९ मध्ये गिअर व्हीआरला जाहीर निरोप देताना याच कटकटी सांगितल्या: कव्हर काढा, फोन बसवा, आणि रोजच्या कामाचा तोच फोन अडकवून ठेवा. लोक एकदा बघत, पुन्हा हात लावत नसत. त्याच वर्षी फोनची गरज नसलेला आणि पावलेही ओळखणारा क्वेस्ट ३९९ डॉलरना बाजारात आला होता.

मग दुकान आवरायला सुरुवात झाली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने डेड्रीम बंद केला, नोव्हेंबरमध्ये कार्डबोर्डचे सॉफ्टवेअर खुले करून समाजाच्या हवाली केले. २०२० मध्ये सॅमसंगने आपल्या व्हीआर सेवा गुंडाळल्या. मार्च २०२१ मध्ये गूगलच्या दुकानातून कार्डबोर्ड गेला. जून २०२१ मध्ये ‘एक्स्पिडिशन्स’ हे अ‍ॅप गेले, आणि मला सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते. शिक्षकाच्या हातात टॅब, मुलांच्या डोळ्यांना कार्डबोर्ड, आणि सगळा वर्ग एकाच वेळी समुद्रतळाशी किंवा एखाद्या प्राचीन अवशेषात. अंडरवुडच्या संचांचा आणि नकाशांचा तो खरा वारस होता. अंडरवुडचा संच घेतलेल्या शाळेच्या कपाटात तो संच राहिला. इथे शाळांकडे पुठ्ठे उरले.

माझे म्हणणे असे, की फोनवरच्या व्हीआरला चक्कर, मळमळ आणि उष्णतेने जायबंदी केले, पण मारले ते चित्रे लोकांच्या ताब्यात नसल्याने. चित्र अ‍ॅपमध्ये, अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून, आणि फोनची प्रणाली दर वर्षी नवी. म्हणून आजही कुणी जुना खोका काढून विचारले तर मी अ‍ॅपचे नाव सांगत नाही. फोनमध्ये जायरोस्कोप आहे का बघा, आणि डाव्या-उजव्या डोळ्याची चित्रे शेजारी शेजारी असलेल्या साध्या फाइली स्वतःच्या मेमरी कार्डावर ठेवा. ज्या कोणत्याही प्लेअरमध्ये उघडतात त्याच टिकतात.

हे मी शिकलो ते स्वतःच्या गाढवपणातून. २०१७ च्या मे महिन्यात गावचे घर विकायचे ठरले, तेव्हा अंगणात उभे राहून मी फोन सावकाश गोल फिरवत घराचे चित्र घेतले. तेव्हा तशी सोय देणारी चार-दोन अ‍ॅप्स होती, त्यांतले एक. ते आजूबाजूचा आवाजही टिपत असे. खोक्यात घालून बघितले तर तुळशीवृंदावन पुढे, ओसरी मागे, ओसरीवर निवडायला बसलेली आई, आणि तिचे ‘अरे, किती वेळ फिरतोस, भोवळ येईल’ हेही ऐकू येई. मी निश्चिंत झालो. घर पाडले गेले, आई गेली, मधे तीन फोन बदलले. पुढे फाइल उघडली तर एक लांबट, सपाट चित्र दिसले. खोली नाही, आवाज नाही. अ‍ॅप नव्या फोनवर मिळेना.

भाच्याने संगणकावर फाइल उलगडली तेव्हा उमगले, की वर दिसते ते फक्त डाव्या डोळ्याचे चित्र. उजव्या डोळ्याचे चित्र आणि आवाज त्याच फाइलच्या माहितीच्या कप्प्यात अक्षरांच्या रूपात कोंबलेले होते. सारे काही तिथेच होते, वाचणारे कुणी नव्हते. त्याने ते सोडवून वेगळे केले. दोन्ही चित्रांतला ओसरीचा तुकडा आम्ही कापला, शेजारी शेजारी मांडला, आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून सात इंच बाय साडेतीन इंचांच्या जाड कागदावर छापून आणला. स्टुडिओवाल्याने विचारले, ‘एकच फोटो दोनदा कशाला?’

तो पुठ्ठा मी जुन्या बाजारातल्या चौकटीत अडकवला. पट्टी जरा पुढे-मागे करावी लागली. मग वृंदावन पुढे आले, ओसरी मागे गेली, आणि आईच्या हातातले सूप मांडीपासून सुटे झाले. आवाज वेगळ्या फाइलीत आहे. तो फोनवर लावावा लागतो.