मॉड्यूल, पर्ल भाषेतील
पर्ल या स्क्रिप्ट भाषेत स्वतंत्र फाइलीत लिहून ठेवलेला व अनेक आज्ञावल्यांमध्ये पुन्हापुन्हा वापरता येणारा आज्ञासंच. एकदा लिहून व तपासून घेतलेले काम दुसऱ्यांदा लिहावे लागू नये, हा त्यामागील हेतू होय.

ही कल्पना आधुनिक संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये सुरू झाला. त्याच्यासाठी वारंवार लागणाऱ्या उपआज्ञावल्या छिद्रित कागदी फितींवर तयार करून त्यांचा संग्रह ठेवण्यात आला. मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०), डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) व स्टॅन्ली गिल (१९२६–७५) यांनी १९५१ साली या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी यंत्राच्या सुट्या भागांप्रमाणे आज्ञावल्यांचेही तयार घटक उपलब्ध असावेत, असे प्रतिपादन केले.

लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध केली. मजकूर चाळणे व अहवाल तयार करणे, हे तिचे आरंभीचे मुख्य काम. सामायिक भाग वेगळ्या फाइलीत ठेवण्याची सोय लवकरच झाली. परंतु आज्ञावल्या मोठ्या होऊ लागल्या, तशी ती अपुरी पडू लागली. ऑक्टोबर १९९४ मधील पाचव्या आवृत्तीने मॉड्यूलची सुव्यवस्थित रचना दिली.

मॉड्यूलच्या फाइलीचे नाव ‘.पीएम’ या अक्षरांनी संपते. तिच्या आरंभी ‘पॅकेज’ या शब्दाने स्वतंत्र नामक्षेत्र घोषित करतात. त्यामुळे दोन मॉड्यूलांत एकाच नावाच्या उपआज्ञावल्या असल्या, तरी त्या एकमेकींत मिसळत नाहीत. फाइलीच्या शेवटी सत्य मूल्य, बहुधा १ हा अंक, द्यावे लागे. २०२३ मधील ५.३८ या आवृत्तीपासून ही अट शिथिल करता येते. ‘यूज’ ही आज्ञा प्रत्यक्ष कार्यवाहीपूर्वी, भाषांतराच्या वेळीच, मॉड्यूल वाचते. ‘रिक्वायर’ ही आज्ञा कार्यवाही चालू असताना वाचते. कोणती नावे बाहेर द्यावयाची, हे मॉड्यूलचा कर्ता ठरवतो. न मागता पुष्कळ नावे दिल्यास वापरणाऱ्याच्या आज्ञावलीतील नावांशी त्यांचा संघर्ष होतो. म्हणून मागितलेली नावेच देणे इष्ट मानले जाते.

मॉड्यूल लिहिण्याइतकेच ते इतरांस सापडणे महत्त्वाचे असते. टेक या अक्षरजुळणी प्रणालीच्या संग्रहाच्या धर्तीवर सीपॅन हा पर्लचा जागतिक संग्रह ऑक्टोबर १९९५ मध्ये खुला झाला. अनेक देशांत त्याच्या प्रती ठेवण्यात आल्या. मॉड्यूलबरोबर त्याचे वर्णन व चाचण्या देण्याचा प्रघात पडला आणि बसविण्यापूर्वी त्या चाचण्या आपोआप घेतल्या जाऊ लागल्या.

पुनर्वापरामुळे श्रम वाचतात, तसेच परावलंबनही येते. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या एनपीएम या संग्रहातून, अक्षरमालेच्या डावीकडे भर घालणारे सु. ११ ओळींचे एक मॉड्यूल त्याच्या कर्त्याने काढून घेतले. त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. ते त्याच दिवशी पुन्हा उपलब्ध करण्यात आले आणि नंतर मॉड्यूल मागे घेण्याचे नियम कडक झाले. पर्लच्या बाबतीत सीपॅनमधून काढलेल्या जुन्या आवृत्त्या बॅकपॅन या वेगळ्या संग्रहात जतन केल्या जातात. सामायिक घटक टिकवून ठेवणे हे तो लिहिण्याइतकेच आवश्यक कार्य आहे, हे यावरून स्पष्ट होते.