बोटांची पहिली शाळा

जळगांव जिल्ह्यांत, भुसावळच्या पूर्वेस, वरणगांव हें कपाशीच्या मुलखांतलें गांव आहे. खानदेशांतील अशा गांवीं जुन्या शेतकरी घरांत आजी वाती वळावयास बसली, कीं नातवाच्या हातींहि कापसाचा एक पुंजका येई. बोटांनीं चांचपून त्यांतील सरकी वेगळी करणें, हा त्याचा खेळ. पोळ्याच्या आदल्या दिवशीं ओल्या मातीचे बैल होत. त्यांचीं शिंगें दोन बोटांच्या चिमटींत वळलीं जात. भाद्रपदांत गुलाबाई बसली, कीं मुली तिच्यासाठीं फुलें ओंवीत. पावसाळ्यांत ओसरीवर सागरगोटे रंगत. उन्हाळ्यांत शेवया-पापडांचा घाट पडला, म्हणजे पिठाचा एक गोळा लहानग्यांच्या वांट्यास ठरलेला असे. या सर्वांस शिक्षण असें नांव मात्र कोणीं दिलें नाहीं. शिक्षण म्हणजे पाटी, आणि पाटी हातीं येईपर्यंतचा काळ म्हणजे नुसतें बागडणें, अशीच समजूत होती.

ही समजूत चुकीची आहे, हें विद्वानांच्या ध्यानीं येण्यास बराच काळ लागला. जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० मध्यें तिला ‘बालोद्यान’ या अर्थाचें नांव दिलें. लोंकरीचे चेंडू, लांकडी ठोकळे, कागदाच्या पट्ट्यांचें विणकाम हीं त्याचीं साधनें होतीं. पुढें ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेन्झो नांवाच्या कामकरी वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें मुलें चौकटीवर ताणलेल्या कापडाचीं बटणें लावीत, नाड्या बांधीत; लहानशा मुठींचे दट्टे तीन बोटांनीं उचलून ज्याच्या त्याच्या खोबणींत बसवीत. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. आणि एके दिवशीं त्यांतील चार-पांच वर्षांचीं मुलें आपण होऊन लिहूं लागलीं. दट्टा उचलणारीं तीन बोटें आणि लेखणी धरणारीं तीन बोटें एकच, हें त्यांतील मर्म होय.

या मर्मास शरीररचनेचाहि आधार आहे. मनगटांत आठ लहान अस्थि असतात. जन्मतः त्या कूर्चेच्या असून एकेक करून टणक होत जातात, आणि हें कार्य पुरें होण्यास दहा-बारा वर्षें लागतात. मूल आधीं सबंध मुठीनें वस्तु पकडतें; नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास अंगठा व तर्जनी यांची चिमूट त्यास साधूं लागते; आणि तीन बोटांची स्थिर पकड यावयास आणखी कित्येक वर्षें जावीं लागतात. तींहि खांदा, कोपर व मनगट बळावल्यानंतरचीं. ज्या हाताची ही तयारी झालेली नाहीं, त्याच्याकडून सुबक अक्षराची अपेक्षा करणें म्हणजे पाया न घालतां माडी चढविणें होय. अशा मुलाचीं बोटें दुखतात, तें कंटाळतें. आणि घरचीं माणसें त्यास आळशी म्हणतात.

हिंदुस्थानांत हा विचार भावनगरला रुजला. तेथील दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर स्थापन केलें. ताराबाई मोडक राजकोटचें नोकरीचें मानाचें पद सोडून त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३९ सालीं खुद्द माँटेसरीबाई मद्रासेस आल्या व महायुद्धामुळें कित्येक वर्षें येथेंच राहिल्या. परंतु एक अडचण उरलीच. रोमच्या गरीब वस्तींत जन्मास आलेली ही पद्धति येथें येतांना रंधून-घासून गुळगुळीत केलेल्या महाग लांकडी साधनांसह आली, आणि शहरांतील सधन घरांच्याच आटोक्यांत राहिली.

ताराबाईंना हें खुपलें. १९३६ पासून दादरला शिशुविहार चालविणाऱ्या या बाई १९४५ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. (हें गांव २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतें.) तेथें अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. तीच ‘अंगणवाडी’. विकतच्या साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया, पानें आणि माती आलीं. १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेलें. आणि १९७५ सालीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना आरंभली, तेव्हां तिच्या गांवोगांवच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

बोर्डीच्या अंगणांत जें सिद्ध झालें, तें वरणगांवच्या ओसरीवर पूर्वापार होतेंच. सरकी काढणारीं बोटें चिमूट शिकत होतीं, माती मळणारा तळवा बळ कमावीत होता, आणि सागरगोटा झेलणारा हात डोळ्याशीं मेळ घालीत होता. खेडुत आजीला या क्रियांची शास्त्रीय नांवें ठाऊक नव्हतीं. ताराबाई-अनुताईंनीं त्या नांवांचें ओझें तिच्यावर न लादतां तिच्या अंगणाला शाळेचा मान दिला, हें त्यांचें खरें थोरपण.

काळ पालटला आहे. वरणगांवीं १९६४ मध्यें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला व त्याबरोबर नोकरदारांची वसाहत आली. बदलीच्या गांवीं आजी क्वचितच सोबत असते, आणि अंगण तर शहरांतून केव्हांच नाहींसें झालें. तथापि आजीचें साहित्य स्वयंपाकघरांत आजहि आहे. कणकेचा गोळा मळण्यास दोन-अडीच वर्षांचें मूल पुरेसें मोठें असतें. तीन वर्षांचें मूल मोठीं बटणें लावतें, ओल्या फडक्याचें पाणी पिळतें. चार वर्षांचें वाटाण्याच्या शेंगा सोलतें, वाल आणि हरभरे निवडून निरनिराळ्या वाट्यांत भरतें. पांचव्या वर्षीं जाड सुईदोऱ्यानें फुलें ओंवतां येतात. दाणे-बिया हातीं देतांना मात्र वडील माणसानें जवळच बसावें. तीन वर्षांच्या आंतील मूल हातांतलें सारें तोंडांत घालतें. त्याला त्या देऊंच नयेत.

यांत सांडलवंड होईल, आणि आईचें दहा मिनिटांचें काम अर्ध्या तासावर जाईल. तें सोसावयाचें कीं तिसऱ्या वर्षींच मुलाचा हात धरून पाटीवर ‘अ’ गिरवून घ्यावयाचा, हा प्रश्न घरोघरचा आहे. फ्रोबेलपासून अनुताईंपर्यंतच्या शतकाहून अधिक काळच्या खटाटोपानें त्याचें उत्तर देऊन ठेविलें आहे: हात आधीं घडतो, अक्षर मागाहून येतें. मातीचा बैल वेडावांकडा झाला, तरी त्याचीं शिंगें वळणारीं बोटें सरळ रेघेची तयारी करीत असतात.