असईच्या लढाईची ताटं

लंडनला हाइड पार्कच्या कोपऱ्यावर ॲप्सली हाउस आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा, म्हणजे नेपोलियनला वॉटर्लूत हरवणाऱ्याचा वाडा. तिथल्या संग्रहात सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा एक संच आहे, नाव 'डेक्कन सर्व्हिस'. डेक्कन म्हणजे आपलंच दख्खन!

1803 मध्ये हा माणूस ड्यूक वगैरे नव्हता, नुसता आर्थर वेलस्ली होता. 23 सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ त्याने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेला हरवलं. दख्खनच्या मोहिमेतल्या त्याच्या अधिकाऱ्यांनी मिळून त्याला ही भांडी भेट दिली. 1806 च्या सुमारास ती लंडनमध्ये घडली.

त्या काळी मुलामा कसा देत? सोनं पाऱ्यात कालवायचं, चांदीवर लावायचं आणि तापवायचं. पारा उडून जातो, सोनं तेवढं राहतं. ती विषारी वाफ कारागिराच्या छातीत जायची, पण ताटात ते कुठे दिसणार? असईला एकट्या इंग्रजांकडचीच सुमारे 1600 माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांत हिंदी शिपाई बरेच. ताटात तेही दिसत नाहीत.

म्हातारपणी वेलिंग्टनला कोणी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कुठली? त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितलं.

आणि आपण? आपल्याला वॉटर्लू पाठ. असई कुठे आलं, ते नकाशात शोधावं लागतं.