जोरहाट : एका धावपट्टीभोवतीचे अपघात

युद्धाचा इतिहास आपण बहुतेक वेळा लढायांमधून शिकतो. आज मात्र आम्ही एक धावपट्टी निवडली आहे. ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला, चहाच्या मळ्यांमधलं जोरहाट. या गावाच्या तळावरून निघालेली, तिथे येऊ पाहणारी किंवा त्याच आभाळातून गेलेली किती विमानं परत आलीच नाहीत, आणि का आली नाहीत, हे आज पाहायचं आहे. तीन काळ घेऊ : १९४२ ते ४५, १९७७ आणि २०१९.

पहिला काळ. एप्रिल १९४२च्या अखेरीस जपान्यांनी ब्रह्मदेशातलं लाशिओ घेतलं आणि चीनला रसद पोचवणारा रस्ता तुटला. आता उरला आकाशमार्ग. आसामातल्या चबुआ, दिंजान, मोहनबारी, जोरहाट, तेजपूर अशा तळांवरून पेट्रोल आणि दारूगोळा भरायचा आणि डोंगरांवरून चीनमधल्या कुनमिंगला न्यायचा. अंतर साधारण ८०० किलोमीटर. वैमानिकांनी या वाटेला ‘हम्प’ म्हटलं, म्हणजे उंटाची मदार. नाव गमतीचं वाटतं, वाट तशी नव्हती. पावसाळ्यात ढग डोंगराला टेकलेले, हिवाळ्यात पंखांवर बर्फ, आणि वारा असा की तासाभरात विमान ठरलेल्या मार्गापासून कितीतरी दूर जाऊन पडायचं. नकाशे अपुरे, रेडिओची मदत तुटपुंजी. त्यात १९४३च्या अखेरीपासून रात्रीही उड्डाणं सुरू झाली.

युद्ध संपेपर्यंत या वाटेने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला. त्याची किंमत : जवळपास ६०० विमानं आणि सोळाशेहून जास्त माणसं, मृत किंवा बेपत्ता. खाली चमकणाऱ्या सांगाड्यांमुळे वैमानिक या मार्गाला ‘ॲल्युमिनियमची वाट’ म्हणू लागले.

आता कुणी म्हणेल, हिमालयच तो, तिथे माणसाचं काय चालणार? इथे आपण जरा थांबू या. कारण सप्टेंबर १९४४ मध्ये विल्यम टनर नावाचे अधिकारी या वाहतुकीचे प्रमुख झाले. त्यांनी विमानांच्या दुरुस्तीची पद्धत बदलली. प्रत्येक उड्डाणाआधी यादी हातात घेऊन तपासणी सक्तीची केली. अपघात कसा झाला याचा हिशेब ठेवायला लावला. डोंगर तेच, पाऊस तोच, पण अपघातांचं प्रमाण उतरलं, आणि मालही वाढला : जुलै १९४५ या एका महिन्यात ७१ हजार टन. म्हणजे आधी मेलेली सगळीच माणसं डोंगराने मारली नव्हती. काही घाईने मारली, काही ढिलाईने. इतिहास वाचताना ‘निसर्गापुढे इलाज नाही’ हे वाक्य आलं की आम्हाला म्हणूनच सावध व्हावंसं वाटतं.

या काळातली आणखी एक गोष्ट. २ ऑगस्ट १९४३ला चबुआहून निघालेलं एक विमान नागा टेकड्यांवर बिघडलं. विमानात २१ जण, त्यांत एरिक सेव्हराईड हे अमेरिकी रेडिओ वार्ताहर. सगळ्यांवर उड्या मारायची वेळ आली. सहवैमानिक गेला, बाकीचे २० वाचले. कशामुळे? एक तर डॉन फ्लिकिंजर हे लष्करी डॉक्टर स्वतः हवाईछत्रीने त्यांच्यामागे उतरले म्हणून. आणि दुसरं, खालच्या नागा गावाने त्यांना खायला घातलं, थारा दिला म्हणून. ज्या माणसांना नकाशावर ‘शीर कापणाऱ्या जमाती’ म्हणून नोंदवलं होतं, त्यांनीच ही पोरं जगवली.

दुसरा काळ. ४ नोव्हेंबर १९७७. पंतप्रधान मोरारजी देसाई दिल्लीहून जोरहाटला निघाले. मोरारजी म्हटलं की मुंबईचे मुख्यमंत्री आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आपल्याला आठवते, ते साहजिकच आहे. पण त्या रात्री ते ८१ वर्षांचे एक प्रवासी होते. विमान हवाई दलाचं, रशियन बनावटीचं तुपोलेव-१२४, नाव ‘पुष्पक’. बाहेर काळोख. धावपट्टी गाठण्याआधीच विमान फार खाली आलं आणि काही किलोमीटर अलीकडे टेकेलागाव या खेड्याच्या शिवारात कोसळलं. नाकाचा चक्काचूर झाला. चालककक्षातले हवाई दलाचे पाचही जण जागीच गेले. मागे बसलेले पंतप्रधान आणि इतर प्रवासी वाचले.

चालकांनी पंतप्रधानांना वाचवायला मुद्दाम नाक आधी टेकवलं, असं तेव्हापासून सांगितलं जातं. ही गोष्ट भावते, पटावीशीही वाटते. पण इतिहासाची शिस्त सांगते की घडलेलं आणि मनातलं यांत फरक करावा. पुढचा भाग चिरडला, मागचा टिकला, एवढं घडलेलं. शेवटच्या क्षणी त्या पाच जणांच्या मनात काय होतं, हे सांगायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही. त्यांचा मोठेपणा मात्र त्या एका क्षणावर अवलंबून नाही. ते त्यांच्या कामावर होते आणि कामावर असताना गेले, एवढं पुरेसं आहे. मोरारजी वाचले हे बहुतेकांना ठाऊक आहे. चालकप्रमुख विंग कमांडर डी’लिमा आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांची नावं आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? आणि त्या काळोखात शेतातून धावत आलेलं टेकेलागाव? जखमींना आधी हात दिला तो सरकारी पथकाने नाही, भात पिकवणाऱ्या माणसांनी.

तिसरा काळ अगदी अलीकडचा. ३ जून २०१९, दुपारचे साधारण साडेबारा. जोरहाटहून हवाई दलाचं एएन-३२ अरुणाचलातल्या मेचुकाला निघालं. मेचुका चीनच्या सीमेजवळ, सुमारे सहा हजार फुटांवर. तिथल्या चौक्यांना अशाच विमानांचा आधार. विमानात १३ जण. अर्ध्या तासात संपर्क तुटला. शोध आठ दिवस चालला : विमानं, हेलिकॉप्टर, उपग्रह, सगळं पणाला लागलं. अपघातस्थळाचा ठावठिकाणा आपोआप कळवणारं यंत्र विमानात होतं, पण जुनं. त्याचा संकेत कामी आला नाही. अवशेष दिसले ११ जूनला, लिपो गावाच्या उत्तरेला, सुमारे बारा हजार फुटांच्या डोंगरावर. कुणीच वाचलं नव्हतं. मृतदेह काढायला गेलेलं पथकही पावसामुळे वर अडकून पडलं. त्या पथकात जवानांबरोबर स्थानिक गिर्यारोहक आणि रान जाणणारी माणसं होती.

याच मेचुकाच्या वाटेवर, जून २००९ मध्येच, आणखी एक एएन-३२ पडलं होतं आणि त्यातही १३ जण गेले होते. दहा वर्षांचं अंतर, तेच जातीचं विमान, तोच महिना, त्याच दऱ्या.

आता तिन्ही काळ शेजारी ठेवून पाहा. प्रत्येक वेळी उड्डाणाची निकड दूरची होती : कधी चीनच्या आघाडीची, कधी दिल्लीच्या दौऱ्याची, कधी सीमेवरच्या चौकीची. जीव मात्र इथे गेले. आणि प्रत्येक वेळी मदतीचा हात इथल्याच माणसांचा होता : नागा, आसामी शेतकरी, आदी.

मग या माणसांची नोंद कुठे आहे? बेपत्ता वैमानिकांच्या बाबतीत अमेरिकेने चिकाटी दाखवली. १९४४च्या जानेवारीत अरुणाचलात पडलेलं ‘हॉट ॲज हेल’ हे बॉम्बफेकी विमान २००६ मध्ये सापडलं. पुढे २०१६ मध्ये ईशान्येतून मिळालेले मानवी अवशेष दिल्लीहून सन्मानाने अमेरिकेला गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पासीघाटला ‘हम्प’चं संग्रहालय उघडलं. त्या डोंगरांत विमानाच्या पत्र्याची भांडी आणि अवजारं लोकांनी वर्षानुवर्षं वापरली. म्हणजे इतिहास घराघरांत होताच, तो संग्रहालयात आत्ता आला, एवढंच.

आमचं म्हणणं साधं आहे. अपघात विसरला की तो ‘नशीब’ होतो, आणि नशिबाची चौकशी कुणी करत नाही. टनरांनी हिशेब ठेवला म्हणून माणसं वाचली. आपल्याकडेही चौकशीचे निष्कर्ष जितके उघड होतील, जुनी यंत्रं जितक्या लवकर बदलली जातील आणि डोंगरातल्या गावांना शोधकार्यात जितकं आधीपासून सामील करून घेतलं जाईल, तितकी पुढची यादी आखूड होईल. जोरहाटहून मेचुकाला विमानं आजही जातात. त्यांत बसणाऱ्यांचं या इतिहासावर काहीतरी देणं लागतं, आणि ते फेडायचं काम आपलं आहे.

आता प्रश्न घेऊ या.